फेल्त्सरवाल्डचे कातळगड: चार दिवसांची भटकंती

नैऋत्य जर्मनीत, फ्रान्सच्या सीमेला टेकून फेल्त्सरवाल्डचं जंगल आहे. जर्मनीतलं हे सर्वांत मोठं सलग जंगल. सीमेपलीकडचं उत्तर व्होज आणि हे मिळून १९९८ पासून युनेस्कोचं एकच संरक्षित क्षेत्र झालं आहे. सर्वांत उंच टेकडी काल्मिट, तीही ६७३ मीटरच. त्यामुळे सह्याद्रीत फिरलेल्या पायांना चढाचं भय नाही. पण टेकड्यांच्या माथ्यावर लाल वालुकाश्माचे उभे सुळके आणि भिंती आहेत आणि बाराव्या-तेराव्या शतकात त्यांच्यावर, त्यांच्यात आणि त्यांना चिकटून गड उभे केले. आज त्यांचं लाकूड गेलंय, छपरं गेलीत, कातळ आणि त्यातली खोदकामं शिल्लक आहेत. हे गड पाहण्याची युक्ती एकच, कातळातली भोकं वाचायला शिकायचं. ती जमली की ओसाड खडकावर अख्खा वाडा दिसायला लागतो.

हंगाम ऑक्टोबरचा. कार्ल्सरुहहून लांडाऊ, तिथे गाडी बदलून आन्वाइलर, दीड तासाच्या आतबाहेर. डॉइचलांड-टिकीट (देशभर चालणारा लोकल प्रवासाचा महिन्याचा पास) असेल तर या लोकल गाड्यांना आणि बसना वेगळा खर्च नाही.

पहिला दिवस: आन्वाइलर आणि तीन टेकड्या

आन्वाइलर म्हणजे क्वाइख नदीकाठचं टुमदार गाव. १२१९ मध्ये, पुढे पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट झालेल्या दुसऱ्या फ्रेडरिकने त्याला शहराचा दर्जा दिला. जुन्या चांभारवाड्यात ओढ्यावरची पाणचक्क्यांची चाकं अजून आहेत. गावामागे ओळीने तीन टेकड्या आणि तिन्हींवर गड: ट्रिफेल्स, आनेबोस आणि शार्फेनबेर्ग. तिन्ही जोडणारी खुणा केलेली वाट साधारण आठ किलोमीटरची आहे. मधल्या खिंडींत उतरत-चढत निवांत चाललं तर पाच तास धरावेत, ट्रिफेल्स आतून पाहण्याचा वेळ त्यातच.

ट्रिफेल्स (४९४ मीटर) हा सम्राटांचा गड. १०८१ मध्ये त्याचा पहिला उल्लेख येतो. साम्राज्याचा मुकुट, राजदंड, तलवार ही राजचिन्हं ११२५ पासून पुढे अनेकदा इथे ठेवलेली असत. आता आत प्रतिकृती आहेत, अस्सल ऐवज व्हिएन्नात. पण गाजला तो एका कैद्यामुळे. तिसऱ्या क्रुसेडहून परतताना इंग्लंडचा राजा रिचर्ड ऑस्ट्रियात पकडला गेला आणि सम्राट सहाव्या हाइनरिखच्या ताब्यात आला. ११९३ च्या वसंतात त्याला इथे ठेवलं होतं. तो इथे काही आठवडेच होता, वर्षभर नाही. गावातल्या फलकांवरून मात्र तसा समज होऊ शकतो. सुटकेची किंमत ठरली दीड लाख मार्क चांदी, त्यातली एक लाख आधी मोजून घेतली. त्या पैशावर हाइनरिखने ११९४ मध्ये इथूनच सिसिलीच्या मोहिमेवर कूच केलं.

लांबून गड अगदी पूर्ण दिसतो आणि तिथेच फसगत होते. १६०२ मध्ये वीज पडून तो जळाला आणि पुढे ढासळत गेला. आजची मुख्य इमारत १९३८ नंतर नाझी काळात उभारली, तीही मूळ जशी होती तशी न बांधता, सम्राटांचा गड 'कसा असायला हवा' या कल्पनेने. भव्य दिवाणखाना त्याच डोक्यातून आलेला. अस्सल पाहायचं तर मुख्य बुरुजाच्या खालच्या भागाजवळ थांबा. तिथल्या चिऱ्यांच्या कडा नीट घासून सरळ केलेल्या आणि मधला भाग मुद्दाम फुगीर, ओबडधोबड ठेवलेला आहे. पूर्वेच्या भिंतीतून बाहेर आलेला देवघराचा कोनाडाही जुनाच. या दोन गोष्टी बाहेरून, फुकटात दिसतात.

आनेबोसवर बांधकाम जवळजवळ काहीच उरलेलं नाही. कातळात चौकोनी खाचा तेवढ्या दिसतात, आणि दोर लावून चढणारी मंडळी. शार्फेनबेर्गला लोक म्युन्त्स म्हणतात, कारण टांकसाळीशी त्याचा संबंध जोडतात. त्याचा उंच, सडसडीत बुरूज झाडांतून अचानक समोर येतो आणि तिन्हींत तोच जास्त आवडतो. गर्दी नाही, तिकीट नाही.

वाटेभर चेस्टनटचा सडा होता. इथल्या बोलीत त्याला केश्ट म्हणतात आणि ऑक्टोबरात आन्वाइलरला त्याचा उत्सवही भरतो. पण उचलताना फरक ओळखा. खायच्या फळाचं कवच बारीक, दाट काट्यांनी भरलेलं असतं, आतल्या बीला टोक असतं आणि टोकाला बारीक शेंडी असते. पान एकेकटं, लांबट, करवतीच्या कडेचं. शहरातल्या बागांमधला घोडा-चेस्टनट गोल गुळगुळीत असतो, कवचाला काटे विरळ, पान हाताच्या पंजासारखं. तो विषारी आहे. भाजण्याआधी प्रत्येक फळाच्या सालीला सुरीने काप द्यायचा, नाहीतर तव्यावर फटाके वाजतात.

दुसरा दिवस: डान, एका कातळधारेवर तीन गड

आन्वाइलरहून गाडीने हिंटरवाइडेनटाल आणि तिथून बसने डान. डानपर्यंत जाणारी छोटी रेल्वे उन्हाळी हंगामात आणि ठरावीक वारीच धावते, त्यामुळे बसचं वेळापत्रक आदल्या रात्री पाहून ठेवावं. संध्याकाळी बस लवकर संपतात.

गावातच युंगफर्नश्प्रुंग हा सुमारे सत्तर मीटरचा कडा आहे. दुष्टाच्या तावडीतून सुटायला एका मुलीने इथून उडी मारली, झग्यात वारा भरून ती अलगद उतरली आणि पाय टेकले तिथे झरा फुटला, अशी दंतकथा. वर चढून गावाचा नकाशा डोळ्यांखाली घालावा आणि गडाकडे निघावं. चालत अर्धा-पाऊण तास.

अल्टडान, ग्राफेनडान आणि टानश्टाईन हे तीन गड पाच सुळक्यांच्या एकाच धारेवर, दोनेकशे मीटर लांबीत, शेजारीशेजारी बसलेत. एकाच घराण्याच्या शाखा वेगळ्या झाल्या आणि प्रत्येकाने आपापला सुळका धरला. ग्राफेनडान १२८७ मधला. पुढच्या शतकात तो श्पोनहाइमच्या काउंटांकडे गेला आणि नावाला 'ग्राफेन' चिकटलं. टानश्टाईनचा मालक १५२३ मध्ये हरणाऱ्या बाजूला होता, त्याची गोष्ट उद्याच्या गडावर येईल. अल्टडान १६८९ मध्ये फ्रेंच फौजांनी उडवला.

भोकं वाचायचे धडे इथे घ्यावेत, कारण सगळे प्रकार एका ठिकाणी सापडतात.

पहिली खूण चिऱ्यांवर. फुगीर चिऱ्याच्या दर्शनी बाजूला, मधोमध किंवा किंचित वर, अंगठा जाईल एवढा एक खड्डा असतो. तसाच खड्डा मागच्या बाजूला असतो, पण तो भिंतीत गाडला गेलेला. उचलताना लोखंडी चिमट्याची दोन टोकं या दोन खड्ड्यांत बसवायची आणि चिमट्याचे वरचे दांडे दोराने यारीला टांगायचे. दगडाच्या वजनानेच दोर ताणला जातो, दांडे जवळ येतात आणि टोकं आणखी घट्ट रुततात. दगड भिंतीवर टेकला की चिमटा आपोआप सैल. या भागात असे खड्डे साधारण १२०० च्या पुढच्या बांधकामात दिसतात. म्हणून एकाच भिंतीत खाली खड्डे नसलेले चिरे आणि वर खड्डे असलेले दिसले, तर वरचा भाग नंतर चढवला असावा असा प्राथमिक अंदाज बांधता येतो.

दुसरी खूण म्हणजे उभ्या कातळावर एकाच पातळीत कोरलेल्या चौकोनी खोबणींची रांग. तिथे तुळया बसायच्या, म्हणजे ती एका मजल्याची जमीन. तिच्या वर दुसरी रांग असेल तर दुसरा मजला. सर्वांत वर कातळावर तिरकी, छपराच्या उतारासारखी खाच दिसली की समजायचं, इथे छप्पर टेकत होतं. तिच्याही थोडं वर एक बारीक पन्हळ असते. कातळावरून ओघळणारं पावसाचं पाणी घरात न येता बाजूला वळावं म्हणून ती खोदलेली. मोकळ्या कड्यासमोर उभं राहून या खाचा मोजल्या की दोन-तीन मजली लाकडी घर कातळाला पाठ लावून उभं राहतं.

सगळी भोकं माणसाची नसतात हेही लक्षात ठेवा. या वालुकाश्मात थर आहेत. कठीण थर पुढे राहतात, मऊ थर झिजून आत जातात आणि क्षारांमुळे कातळावर जाळीदार खळगे पडतात. निसर्गाचे खळगे गोलसर, वेडेवाकडे, थरांच्या रेषेत आणि घोळक्याने असतात. माणसाची खोबण चौकोनी, कोपरे काटकोनात, आणि बोट फिरवलं तर छिन्नीचे तिरके वळ लागतात.

जिने अरुंद, पायऱ्या मधोमध झिजलेल्या. लोखंडी कठडे आहेत, तरी पानगळीत ओल्या पानांखाली पायरीची कडा दिसत नाही. उतरताना टाच आधी टेकवू नका, पाऊल आडवं ठेवा. पाऊस पडून गेल्यावर शेवाळी वालुकाश्म आपल्या पावसाळी कातळाइतकाच घात करतो.

दुपारी कुटीत. १९०२ मध्ये स्थापन झालेल्या फेल्त्सरवाल्ड-फेराइन या भटक्यांच्या संस्थेच्या आणि तिच्यासारख्या इतरांच्या शंभराहून जास्त कुट्या या जंगलात आहेत आणि त्यांतली बरीच स्वयंसेवक चालवतात. २०२१ मध्ये ही कुटी-संस्कृती जर्मनीच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. खिडकीवर जाऊन सांगायचं, पैसे द्यायचे, ताट स्वतः उचलायचं, खाऊन झालं की परत नेऊन ठेवायचं. लांब बाकांवर अनोळखी लोकांशेजारी बसायची पद्धत आहे. 'इथे जागा आहे का?' विचारलं की माणसं सरकून घेतात आणि दहा मिनिटांत तुम्ही कुठून चढलात, उद्या कुठे जाणार, याची चौकशी सुरू होते. आमच्या बाकावरच्या आजोबांनी नकाशावर पेन्सिलीने दुसऱ्या दिवशीची वाट बदलून दिली आणि ती खरोखरच चांगली निघाली. वाइन आणि सोडा मिसळलेली शोर्ल अर्ध्या लिटरच्या, बोटांना पकड मिळावी म्हणून खळगे पाडलेल्या ग्लासात येते आणि कधी एकच ग्लास सगळ्या बाकावर फिरतो. त्यात सोडा नावापुरता असतो, हे उठल्यावर कळतं.

खाण्यात सॉसेज, यकृताचे गोळे आणि डुकराच्या जठरात मांस-बटाटा भरून उकडलेला झाउमागेन यांचं राज्य. शाकाहाऱ्यांनी 'वाइसर केझ' मागावा. चक्क्याच्या जवळचं ताजं चीज, वर कांदा आणि चाइव्ह्ज, बरोबर उकडलेले बटाटे किंवा पाव. किंवा डाम्फनूडेल, वाफवलेला गोळा, तळाला खारट खरपूस कवच असलेला. बटाट्याच्या सूपबरोबर तो पोटभर होतो, पण सूपमध्ये मांस नाही ना, हे विचारून घ्या. कांद्याच्या केकमध्येही बहुधा बेकनचे तुकडे असतात. कुट्या बऱ्याच ठिकाणी शनिवार-रविवारीच, काही बुधवारीही उघड्या असतात. रोख पैसे लागतात. आडवारी जाणार असाल तर डबा बरोबर हवाच.

तिसरा दिवस: पाऊस, द्राखेनफेल्स आणि बेरवार्टश्टाईन

सकाळपासून रिपरिप. दऱ्यांत धुकं इतकं की बुझेनबेर्ग गावातून गड दिसलाच नाही. एरवी दोन टोकांचा तो सुळका खालून दिसतो आणि लोक त्याला दाढ म्हणतात.

द्राखेनफेल्स पूर्ण कातळगड आहे. भिंती फार थोड्या, बाकी सगळं कोरलेलं: जिने, कोठ्या, पहारेकऱ्यांच्या जागा, दाराच्या बिजागऱ्यांचे खड्डे, अडसराच्या खाचा. दारातली अडसराची खाच नीट पाहा. एका बाजूला खोल, दुसऱ्या बाजूला उथळ असते, कारण जाड लाकडी ओंडका उघड्या दारात खोल भोकात सरकवून ठेवायचे आणि बंद करताना ओढून समोरच्या खाचेत टेकवायचे. शेवटचा टप्पा उघड्या, अरुंद पायऱ्यांचा. पावसात तो आम्ही सोडला. कोरड्या दिवशीही उंचीची भीती असणाऱ्यांनी खालच्या टप्प्यावर थांबायला हरकत नाही, बघण्यासारखं बरंचसं तिथेच आहे.

हा गड अनेक घराण्यांनी भागीदारीत वाटून घेतलेला होता आणि त्यातला एक भागीदार फ्रान्त्स फॉन झिकिंगेन. त्याने ट्रियरच्या आर्चबिशपवर चढाई केली आणि ती अंगाशी आली. १५२३ मध्ये ट्रियर, हेस्से आणि फाल्त्स या तीन संस्थानांच्या फौजांनी त्याला गाठलं. लांडश्टूलच्या गडावर तोफांच्या माऱ्यात जखमी होऊन तो मेला. मग एकेक करून त्याच्या साथीदारांचे गड जाळले गेले. द्राखेनफेल्स त्याच वर्षी पडला आणि पुन्हा बांधू दिला नाही. म्हणूनच इथे नंतरची डागडुजी नाही, जे आहे ते मध्ययुगीन. अभ्यासाला हा सर्वांत चांगला, असं आमचं मत.

जंगलातून पुढे एर्लेनबाखला बेरवार्टश्टाईन. हा गड १५९१ मध्ये विजेने जळाला, १८९३ पासून पुन्हा उभारला आणि आजही वापरात आहे. आत फक्त मार्गदर्शकाबरोबर जाता येतं, माहिती जर्मनमध्ये. मूळची वर जायची वाट म्हणजे कातळाच्या पोटातली धुराड्यासारखी उभी नाळ. शिडी वर ओढली की गड बंद. कातळात खणलेली विहीर १०४ मीटर खोल आहे. मार्गदर्शक पाणी ओततो आणि सगळे कान लावून बसतात.

इथला नायक, की खलनायक, हान्स फॉन ट्रोटा. १४८० मध्ये फाल्त्सच्या शासकाने गड त्याला दिला आणि वायसेनबुर्गच्या मठाधिपतीशी त्याचं वैर जुंपलं. त्याने वीसलाउटर नदीला बांध घातला आणि खालच्या वायसेनबुर्ग शहराचं पाणी तोडलं. तक्रार झाल्यावर बांध एकदम फोडून शहर बुडवलं. १५०३ मध्ये तो वारला. सीमेपलीकडच्या फ्रान्समधल्या अल्सेस प्रांतात मात्र तो अजून जिवंत आहे: नाताळात संत निकोलसच्या मागे येऊन खोडकर मुलांना घाबरवणारा हान्स ट्रॅप तो हाच.

ओले बूट रात्री हीटरला चिकटवून वाळवू नका, तळ सुटतो. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून दोनदा बदलले की सकाळपर्यंत काम होतं.

चौथा दिवस: सीमेवरचे चार गड

ऊन पडलं. नोटवाइलर गावातून निघून वेगेल्नबुर्ग, होहेनबुर्ग, ल्योवेनश्टाईन, फ्लेकेनश्टाईन आणि परत. पूर्ण दिवसाची चाल आहे. पहिला गड जर्मनीत, बाकी तीन फ्रान्समध्ये. सीमा म्हणजे झाडीतला एक कोरीव दगड. तरी पासपोर्ट किंवा निवास-परवाना खिशात असू द्या, जर्मनीने २०२४ पासून या सीमेवरही तपासण्या सुरू केल्यात.

एक गणित आधीच लक्षात घ्या. वेगेल्नबुर्ग सगळ्यांत उंच (सुमारे ५७० मीटर) आणि फ्लेकेनश्टाईन सगळ्यांत खाली. म्हणजे जर्मन बाजूने निघालं तर शेवटचा चढ दुपारी, जेवणानंतर, थकल्यावर येतो. चालण्याची सवय नसलेल्यांनी फ्रान्समधल्या गिंबेलहोफपासून सुरू करावं, तिथे गाडी लावता येते आणि चढ सकाळी उरकतो.

वेगेल्नबुर्गच्या माथ्यावरून धुक्याच्या समुद्रात टेकड्यांची डोकी तेवढी वर आली होती. होहेनबुर्ग हा झिकिंगेनच्या आईच्या घराण्याचा, त्यामुळे १५२३ चा तडाखा त्यालाही बसला. नंतर डागडुजी झाली आणि तेव्हाचा सजवलेला रेनेसाँ दरवाजा या जंगलात अगदी अनपेक्षित वाटतो. ल्योवेनश्टाईन लुटारू सरदारांचा अड्डा झाला म्हणून चौदाव्या शतकातच मोडला. त्याच्याजवळच्या क्रापेनफेल्स खडकावर डबा सोडावा.

फ्लेकेनश्टाईनला तिकीट आहे, लहान मुलांची गर्दी आहे आणि तरीही तो चुकवू नये. नव्वदेक मीटर लांब आणि जेमतेम सात-आठ मीटर रुंद अशी कातळभिंत, आणि तिच्या पोटातून कोरलेले जिने व दालनं. १६८० मध्ये चौदाव्या लुईच्या फौजेने तो उद्ध्वस्त केला.

पाण्याचा विषय इथे नीट समजून घ्यावा. आपला बेसॉल्ट पाणी धरतो, म्हणून टाकं खोदलं की काम झालं. वालुकाश्म पाणी पितो. त्यामुळे या भागातल्या गडांवर खड्ड्याला आतून चिकणमातीचा थर द्यायचे, मधोमध चुन्याशिवाय रचलेल्या दगडांची उभी नळी उभारायचे आणि नळीभोवती वाळू-खडी भरायचे. पन्हळींतून आलेलं पावसाचं पाणी वाळूतून झिरपत, गाळून, तळाच्या फटींतून नळीत यायचं आणि तिथून बादलीने वर. तोटा असा की खड्ड्याचा बराच भाग वाळूच खाते, पाणी कमी मावतं. कोरड्या पडलेल्या अशा खड्ड्यात आज मधली नळी नसेल तर ते साधं कोठार वाटतं. कडेला पन्हळ येऊन मिळते का, ते पाहा.

खाली फ्लामकुखन मिळतो: पातळ पोळी, वर आंबूस साय आणि कांदा. बेकन नको असेल तर आधीच सांगा. फ्रान्समध्ये दुपारी दोननंतर बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर बंद होतं, आणि गावाकडच्या खाणावळी आठवड्यातले एक-दोन दिवस उघडतच नाहीत. जुनी मंडळी जर्मन बोलतात, तरी सुरुवात 'बोंजूर'ने केली की चेहरे खुलतात.

जाणाऱ्यांसाठी आणखी थोडं

वाटांच्या खुणा दोन देशांत दोन संस्थांच्या आहेत. सीमा ओलांडली की रंग-आकार बदलतात, तेव्हा ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवा. दऱ्यांत मोबाइलला रेंज नसते. जर्मन बाजूला झाडांवर किंवा खांबांवर बचाव-ठिकाणाचे क्रमांक लिहिलेले हिरवे फलक असतात. अपघात झाला तर ११२ ला तो क्रमांक सांगितला की जागा लगेच कळते.

वसंतात शाहीन ससाणे घरटी करतात, त्या काळात काही सुळके चढाईला बंद असतात, फलक पाहून मागे फिरा. गवतातून चाललात तर रात्री गुडघ्यामागे आणि जांघेत गोचीड तपासा. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात आणि लहान गावांत एरवीही दुकान नसतं, शनिवारीच सामान भरा. ऑक्टोबरात रस्त्याकडेला नवी, अजून आंबत असलेली वाइन विकायला असते. तिचं झाकण हवाबंद नसतं, बाटली सॅकमध्ये आडवी टाकली तर कपडे धुवावे लागतात.

एकच दिवस हाताशी असेल तर चार गडांची फेरी करा. मुलं बरोबर असतील तर डान. आणखी दिवस मिळाले तर १५२५ च्या शेतकरी बंडात पडलेला लिंडेलब्रुन आणि मेर्त्साल्बेनजवळचा सात कोनांच्या बुरुजाचा ग्रेफेनश्टाईन राहिलेत. ग्रेफेनश्टाईनला बसची सोय तुटपुंजी आहे, गाडी नेलेली बरी.